एक्स-रे टेक्निशियनच्या छातीवरचा बिल्ला : टीएलडी बॅज कशासाठी असतो, कुठे लावायचा?

हात मोडला, छातीत कफ साठला की तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढावा लागतो. तो काढणाऱ्या टेक्निशियनच्या छातीवर प्लास्टिकचा एक छोटा बिल्ला दिसतो. कुणाला ते ओळखपत्र वाटतं, कुणाला किरणांपासून वाचवणारं यंत्र. तो यातलं काहीच नाही. हा टीएलडी बॅज. काम करताना त्या माणसाच्या अंगावर किती किरणं पडली, एवढीच नोंद तो ठेवतो. गावातली पोरंपोरी आता रेडिओग्राफीचा कोर्स करून दवाखान्यात लागतात, म्हणून घरच्यांनाही हे माहीत असलेलं बरं.

बॅजच्या आत धातूच्या पट्टीवर तीन लहान चकत्या असतात. किरणं पडली की त्यांची ऊर्जा चकत्यांत साठून राहते. प्रयोगशाळेत चकती तापवली की ती ऊर्जा उजेडाच्या रूपात बाहेर पडते. जेवढा उजेड जास्त, तेवढा डोस जास्त. बॅज साधारण दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. म्हणजे आज जास्त किरणं लागली तरी तो आज सांगणार नाही.

शेतकऱ्याला हे पर्जन्यमापकावरून लगेच कळेल. पर्जन्यमापक पाऊस अडवत नाही, फक्त मोजतो. घरात ठेवला तर शून्य दाखवील, पन्हाळीखाली ठेवला तर पूर आल्यासारखा आकडा देईल. बॅजचंही तसंच होतं. कुणी तो ड्रॉवरमध्ये टाकून कामाला लागतो आणि अहवाल शून्य येतो. कुणी एप्रनला अडकवून एक्स-रेच्या खोलीतच सोडून जातो, मग माणूस घरी आणि डोस मात्र त्याच्या नावावर. एकाचा बॅज दुसऱ्याने लावला तर दोघांचीही नोंद खोटी.

बरोबर पद्धत साधी आहे. बॅज छातीवर लावायचा, शिशाचा एप्रन घातला असेल तर एप्रनच्या आत. ड्युटी संपली की किरणांपासून लांबच्या ठरलेल्या जागी, कंट्रोल बॅजसोबत ठेवायचा. कर्मचारी स्वतः रुग्ण म्हणून एक्स-रे काढून घेत असेल, तर तेवढ्यापुरता बॅज काढून ठेवायचा.

मर्यादा किती?

देशात यावर अणुऊर्जा नियामक मंडळाचं नियंत्रण असतं. हे मंडळ 1983 साली स्थापन झालं. किरणांचं काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त 30 मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आहे. सामान्य माणसासाठी ती वर्षाला 1 मिलिसिव्हर्ट. महिला कर्मचारी गरोदर असेल तर तिने लवकरात लवकर कळवावं, कारण पोटातल्या बाळासाठी उरलेल्या दिवसांची मर्यादाही 1 मिलिसिव्हर्टच आहे. लाजून किंवा नोकरी जाईल या भीतीने काही जणी सांगत नाहीत, तिथे नुकसान बाळाचं होतं.

डोस कमी ठेवायचा तो सवयीने. अंतर दुप्पट केलं की किरणं चौथाईवर येतात. वॉर्डात फिरतं मशीन वापरताना म्हणूनच निदान दोन मीटर मागे उभं राहतात. खोलीत एक्स-रे काढताना दार बंद, आणि कर्मचारी आडोशामागे. एप्रनची घडी घालायची नाही, हँगरला टांगायचा. घडीवर आतलं शिसं तडकतं, वरून कळत नाही आणि तिथूनच किरणं आत येतात.

लहान लेकराला धरायची वेळ आली तर रोजच्या कर्मचाऱ्याने धरू नये, सोबतच्या नातेवाइकाने एप्रन घालून धरावं. गरोदर बाईने मात्र धरू नये. एप्रन कुणी दिला नाही तर मागून घ्यावा, त्यात संकोच कसला?

उगाच घाबरण्यासारखंही काही नाही. मशीनचं बटण सोडलं की किरणं थांबतात, खोलीत किंवा रुग्णाच्या अंगात काही उरत नाही. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये ही किरणं नसतातच.

बॅज घेणाऱ्या प्रत्येकाला एक कायमचा वैयक्तिक क्रमांक मिळतो. दवाखाना बदलला तरी क्रमांक तोच राहतो. नव्या ठिकाणी रुजू होताना तो सांगितला, तर जुना डोस पुढच्या नोंदीत जोडला जातो. नोकरी सोडताना आपला क्रमांक आणि डोसचा अहवाल मागून घ्यावा.