ध्वनिजोडणी, दूरचित्रवाणी संचाची

दूरचित्रवाणी संचातील ध्वनिसंकेत साउंडबार, ॲम्प्लिफायर किंवा एव्ही रिसीव्हर अशा घरगुती ध्वनियंत्रणेपर्यंत पोहोचविणारी व्यवस्था. संच सपाट व पातळ झाले, तशी त्यांत चांगल्या स्पीकरांना जागा उरली नाही आणि ही जोडणी महत्त्वाची ठरली.

ॲनालॉग जोडणी : तांबड्या-पांढऱ्या आरसीए पिना किंवा ३.५ मिमी. हेडफोन जॅक यांतून केवळ स्टिरिओ, म्हणजे दोन मार्गांचा, ध्वनी जातो.

ऑप्टिकल जोडणी : तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये सीडी प्लेअरसाठी आणलेल्या या पद्धतीत ध्वनीची अंकीय माहिती तांबड्या प्रकाशाच्या रूपाने प्लास्टिकच्या तंतूतून जाते, दोन यंत्रांत विद्युत् संबंध राहत नसल्याने ग्राउंड लूपमुळे येणारी घुमघुम या वाटेने येत नाही. असंपीडित ध्वनीचे दोनच मार्ग तिच्यात मावतात, त्यामुळे ५.१ मार्गांचा ध्वनी डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या रूपांत आकुंचित करूनच पाठवावा लागतो. कोॲक्शियल जोडणी हेच संकेत तांब्याच्या तारेतून नेते.

एचडीएमआय : आरंभी या केबलमधून चित्र व ध्वनी संचाकडे येत, परंतु संचातील ध्वनी रिसीव्हरकडे नेण्यास वेगळी तार लागे. २००९ मधील १.४ आवृत्तीतील ‘एआरसी’ या सोयीने तोच ध्वनी त्याच केबलमधून उलट दिशेने जाऊ लागला आणि सीईसी या नियंत्रण-व्यवस्थेमुळे एका रिमोटवर दोन्ही यंत्रे चालू लागली. एआरसी डॉल्बी डिजिटल प्लसही वाहून नेऊ शकते, म्हणून स्ट्रीमिंग सेवांचा ॲटमॉस ध्वनी तिच्यातून मिळू शकतो. २०१७ मधील २.१ आवृत्तीबरोबर आलेल्या ‘ईएआरसी’ची क्षमता सेकंदाला सुमारे ३७ मेगाबिट असून असंपीडित बहुमार्गी ध्वनी, तसेच ब्लू-रे तबकडीवरील डॉल्बी ट्रूएचडी, मूळ दर्जा न गमावता जातो, ओठांची हालचाल व आवाज यांचा मेळ राखण्याची सोयही तिच्यात आहे. हा लाभ दोन्ही टोकांची यंत्रे ईएआरसीची असतील तरच मिळतो.

जोडणीच्या नावापेक्षा संच बाहेरून आलेला ध्वनी जसाच्या तसा पुढे सोडतो की नाही, हे अधिक निर्णायक आहे. काही संच बाहेरील प्लेअरचा बहुमार्गी ध्वनी ऑप्टिकल वाटेने पाठविताना त्याचे स्टिरिओ करून टाकतात, आणि तेथे महागडी केबल घेऊन काहीच साधत नाही. अशा वेळी प्लेअर थेट रिसीव्हरला जोडून केवळ चित्र संचाकडे नेणे श्रेयस्कर.

ब्लूटूथ : तारेविना चालते, ध्वनी बहुधा आकुंचित होतो व किंचित मागे राहतो.