जोंगा : इंजिनाची झडपयंत्रणा

जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीने 1969 ते 1999 या काळात भारतीय लष्करासाठी बांधलेल्या जोंगा या गाडीच्या इंजिनातील कॅमशाफ्ट, टॅपेट, पुशरॉड, रॉकर, स्प्रिंगा, गाईड, सीट आणि व्हॉल्व्ह यांची साखळी. गाडीचे नाव ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून पडले. मूळ आराखडा निस्सान पॅट्रोलचा. इंजिन पेट्रोलवर चालणारे, एका ओळीत सहा सिलिंडरचे, 3,956 घनसेंमी क्षमतेचे. बोअर 85.7 मिमी आणि स्ट्रोक 114.3 मिमी, म्हणजे लांब स्ट्रोकचे इंजिन. वेगापेक्षा ओढ ही त्याची खरी ताकद.

इंजिन पुन्हा बांधताना मालकाचा हात पहिल्यांदा पिस्टन-रिंगांकडे जातो. झडपयंत्रणेत मात्र कॅमशाफ्ट सोडला तर प्रत्येक भाग बारा-बारा असतो आणि एकाची झीज दुसऱ्यावर चढते, म्हणून निवड सुट्या भागांची न करता पूर्ण संचाची करावी लागते. नवा कॅमशाफ्ट घातला तर जुने टॅपेट तसेच बसवू नयेत. कॅमच्या उंचवट्याची आणि टॅपेटच्या तळाची झीज एकमेकांना जुळलेली असते; जोडी फोडली की नवा कॅम थोड्याच दिवसांत खरवडला जातो. जुनाच कॅम ठेवायचा असेल तर टॅपेट काढतानाच त्यांवर क्रमांक घालावेत आणि प्रत्येक टॅपेट त्याच्याच जागी परत बसवावा.

कॅम कोणता घ्यावा, हे गाडी कुठे फिरणार यावरून ठरते. पिरंगुट-पौडमार्गे मुळशीच्या धरणाकडे जाणारी, ताम्हिणी घाट उतरून कोकणात जाणारी आणि भर पावसात तोच घाट परत चढणारी गाडी कमी फेऱ्यांवर दमदार ओढणारी हवी. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा ‘गरम’ कॅम वरच्या फेऱ्यांवर ताकद देतो आणि खालची ओढ खातो. जोंगाला मूळ मापाचाच कॅम योग्य.

सर्वांत जास्त पैसा एक्झॉस्ट सीटवर खर्च करावा. पूर्वीच्या पेट्रोलमधील शिशाच्या संयुगांचा पातळ थर सीटवर बसे आणि व्हॉल्व्ह व सीट यांचे धातू एकमेकांना चिकटू देत नसे. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. शेवटच्या जोंगा त्याच्या आदल्याच वर्षी बाहेर पडल्या होत्या. शिशाचे कवच गेल्यावर लांब चढणीच्या उष्णतेत मऊ सीट घासत जाते, व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसत जातो आणि टॅपेटचा गॅप आपोआप कमी होतो. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. टॅपेटचा आवाज बंद झाला म्हणून खूश होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. उपाय एकच : हेडमध्ये खाच कातून कठीण धातूची सीट-रिंग घट्ट बसवणे आणि उष्णता सोसणाऱ्या पोलादाचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह घेणे. गाईड त्याआधी बदलावेत, कारण सीटचे ग्राइंडिंग गाईडच्या मध्यावरूनच होते. ढिल्या गाईडवर घासलेली सीट कधीच गोल येत नाही.

स्प्रिंग नुसती पाहून कळत नाही. तिची मोकळी उंची, काटकोनातला सरळपणा आणि बसवलेल्या उंचीवरचा दाब या तीन गोष्टी मोजाव्यात. पुशरॉड जाड काचेवर लोळवला की वाक लगेच दिसतो. रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर फीलर गेजची पट्टी खड्ड्यावर आडवी बसते, गॅप बरोबर वाटतो आणि प्रत्यक्षात जास्त असतो. असे टोक आधी घासून घ्यावे. रॉकर शाफ्टची झीज खालच्या बाजूला शोधावी. हेड प्लेन केले असेल तर पुशरॉड तेवढे लांब ठरतात, म्हणून रॉकरची बैठक पुन्हा तपासावी.

पुण्यात नाना पेठेतल्या दुकानांत सुटे भाग शोधायला जाताना जुना भाग आणि व्हर्नियर दोन्ही बरोबर असावेत. नावावर किंवा आठवणीवर खरेदी करू नये.

नवा कॅम बसवताना त्यावर असेंब्ली पेस्ट लावतात. इंजिन सुरू झाल्यावर ते आयडलवर सोडायचे नसते. पहिली वीस मिनिटे ते मिनिटाला साधारण 2,000 फेऱ्यांवर चालवावे. कॅमला तेल मुख्यतः क्रँकच्या फिरण्याने उडालेल्या शिंतोड्यांतून मिळते आणि आयडलवर ते अपुरे पडते. तेल जस्तयुक्त झीजरोधक पुरेसे असलेलेच घालावे. त्यानंतर हेडचे बोल्ट पुन्हा आवळून टॅपेट नव्याने लावावे लागतात.