धाकट्याला कोण सांभाळायचं?

आमच्या भागात शाळेचा इतिहास सांगायची एक रीत पडली आहे. शाळा कधी निघाली, इमारतीला कुणी जागा दिली, गावातला पहिला मॅट्रिक कोण, एवढं सांगितलं की भाषण संपतं. पण आईबाप रानात गेल्यावर घरातलं तान्हं पोर कुणाजवळ राहत होतं, हे त्यात कधी येत नाही. खरं तर शाळेचा हिशोब तिथूनच सुरू होतो. धाकट्याला सांभाळायला कुणी नसलं की थोरली शाळेतून घरी बसते. म्हणून पाळणाघराची गोष्ट नुसती तान्ह्या पोरांची नाही, ती थोरल्या बहिणींचीही आहे.

आमचं गाव माणदेशात, सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेजवळ. १९४९ पर्यंत हा सगळा एकच सातारा जिल्हा होता, त्यामुळं रीतभात दोन्हीकडं सारखीच. डोक्यावर भाकरीची पाटी आणि काखेला पोर घेऊन बाया कामावर जायच्या. बांधावरच्या बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची, पोर तिच्यात टाकायचं आणि खुरपणीची पात धरायची. पोर रडलं तरी पात सोडून लगेच येता यायचं नाही. मागं पडलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी कामाला कोण बोलावणार? पिकाला राखण्या होता, जनावरांमागं गुराखी होता. पोरामागं मात्र सात-आठ वर्षांची बहीण.

आमच्या घरी ती अक्का होती. मी जन्मलो तेव्हा ती दुसरीत होती. तिची पाटी खुंटीला लागली आणि मी तिच्या काखेला लागलो. काही दिवस ती मला घेऊनच शाळेत गेली. मी रडायला लागलो की मास्तर म्हणायचे, "त्याला गप कर, न्हाईतर घरी घेऊन जा." शेवटी ती घरीच राहिली. मी पुढं दहावीपर्यंत शिकलो. अक्काला सही येते, त्यापुढं फारसं लिहिता येत नाही. घरोघर हेच चाललेलं, त्यामुळं कुणाला त्याचं नवल वाटलं नाही.

शहरात गेलं म्हणून हा प्रश्न सुटत नव्हता. आमच्याकडची किती तरी माणसं मुंबईच्या गिरण्यांत पोटाला गेली. तिथं १९२० च्या सुमारास कामाला जाणाऱ्या बाया पोरांना अफूची 'बाळगोळी' देऊन निजवायच्या. त्या आया वाईट नव्हत्या. पोर जागं राहिलं तर त्याच्याजवळ थांबायला कुणीच नव्हतं.

मारिया माँटेसरी हे नाव आपण आता महागड्या शाळांच्या पाट्यांवर वाचतो. पण त्यांचं पहिलं बालगृह १९०७ साली रोम शहरातल्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत निघालं. आईबाप कामावर गेले की मागं राहिलेली पोरं चाळीभर हुंदडायची, भिंती खराब करायची. त्यांना सांभाळायला म्हणून तिथं एक खोली मिळाली. म्हणजे मुळात ते पाळणाघरच! माँटेसरीबाईंना त्या खोलीत दिसलं की पोराला त्याच्या हाताच्या मापाची वस्तू दिली आणि घाई केली नाही, तर ते आपलं आपण शिकतं.

हा विचार गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांनी रुजवला. तिथं त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी तो मराठीत आणला. शहरात काम केल्यावर १९४५ साली ताराबाई त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी गेल्या. तिथं त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच कपाळ पुसलं गेलं. पुढं शिकून त्या शिक्षिका झाल्या. गरीब वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' या शब्दाचं मूळ तिथं आहे. आधी पोरांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. महागडी साधनं परवडत नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली.

पुढं त्या जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पोरांसाठी गेल्या. तिथली अडचण आमच्या माणदेशासारखीच होती. थोरली मुलगी शाळेत आली तर काखेला धाकटं असायचं, नाही तर ती यायचीच नाही. तिला 'घरी घेऊन जा' न म्हणता त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तिला 'विकासवाडी' म्हणतात. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि थोरली वर्गात. जी मुलं गुरं राखायला जात, त्यांच्यामागं कुरणावर शाळा नेली, ती 'कुरणशाळा'. पोर शाळेला जुळत नसेल तर शाळेनं पोराला जुळवून घ्यायचं. बालकेंद्री शिक्षण हा शब्द जड वाटतो, पण त्याचा अर्थ एवढाच आहे.

आमच्या जिल्ह्याला हा विचार अगदी परका नव्हता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं. पोट भरल्याशिवाय पुस्तक उघडत नाही, हे त्या दोघांना कळलं होतं. पण वसतिगृहापर्यंत पोचायला पोर आधी शाळेच्या वयाचं व्हावं लागतं. त्याआधीची वर्षं झोळीतच राहिली.

फलटणला मॅक्सिन बर्नसन अमेरिकेतून आल्या त्या तिथली मराठी बोली अभ्यासायला, आणि इथल्याच झाल्या. त्यांनी १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू केली. जिनं गावातल्या माणसांचं बोलणं कान देऊन ऐकलं, तिनं शाळा काढावी, याला मी मोल देतो. घरी 'व्हतं' म्हणणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी 'चुकलं' म्हटलं, की ते तोंड मिटून घेतं. पोराची सोय बघायची म्हणजे त्याच्या बोलीचीही बघायची.

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं. आई खडी फोडायची. तिथं चार बांबूंवर पाल टाकून सावली केली होती आणि एका म्हातारीला पोरं सांभाळायला बसवलं होतं. तिचीही हजेरी मांडली जायची. ती पोरांना खड्यांचे ढीग करायला लावायची, काळे एकीकडं, तांबडे एकीकडं. सुकडी वाटली की मोजून घास भरवायची. शिंपले आणि बिया घेऊन कोसबाडला जे चाललं होतं, ते या म्हातारीनं कुणी न सांगता चालवलं होतं.

रोजगार हमीची कल्पना आमच्या सांगली जिल्ह्यातल्या वि. स. पागे यांची. तासगाव तालुक्यात विसापूरकडं तिचा आधी प्रयोग झाला. तिचा कायदा १९७७ साली झाला. पुढं २००५ च्या केंद्राच्या कायद्यात नियमच आला. कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त पोरं असतील, तर त्यांच्यातल्याच एका बाईनं ती सांभाळायची आणि तिला इतरांएवढीच मजुरी द्यायची. पोर सांभाळणं हेही काम आहे, हे त्या कागदावर आलं. नियम पाळला किती जातो, हे कामावर जाऊन बघावं.

२ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव आली. आहार, लसीकरण, तपासणी, शाळेआधीचं शिक्षण हे मोठं काम झालं. आमची अक्कासुद्धा सासरच्या गावी अंगणवाडीत मदतनीस झाली. सातव्या वर्षी फुकट केलेल्या कामाचं तिला चाळिशीत मानधन मिळालं. त्याला पगार म्हणत नाहीत, मानधनच म्हणतात. पण अंगणवाडी म्हणजे पाळणाघर नव्हे. ती दुपारपर्यंत मिटते आणि आई येते दिवस मावळताना. शिवाय बसायला जागा तीन वर्षांपुढच्या पोरांना. तान्ह्याचा आहार घरी मिळतो, पण त्याला सांभाळायला माणूस मिळत नाही.

सगळ्यात मोठी फट उसाच्या फडात आहे. कृष्णाकाठ उसानं हिरवा झाला, कारखान्यांची धुराडी उभी राहिली. १९४८ चा कारखाना कायदा सांगत आला की पन्नासपेक्षा जास्त बाया कामाला असतील तिथं पाळणाघर हवं. १९७६ नंतर हा आकडा तीसवर आला. पण कारखान्याच्या फाटकाच्या आत बाया किती? बाया आहेत बाहेर फडात, मुकादमाच्या उचलीवर. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. बीडकडून येतात तशी आमच्या जत, आटपाडी, माणमधूनही जातात. पहाटे अंधारात फडात जायचं, पोराला वाढ्यांच्या ढिगावर निजवायचं. मागं ट्रॅक्टर, बैलगाड्या, साप-विंचू. नव्वदच्या दशकात साखरशाळा निघाल्या, पण त्या शाळेच्या वयाच्या पोरांसाठी. कोपीवर तान्ह्याला घेऊन बसलेली आठ वर्षांची पोरगी तिथंही आलीच नाही.

आता २०२२ पासून केंद्राची 'पाळणा' योजना आहे. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी. कोसबाडच्या विकासवाडीचाच हा धागा म्हणायचा. पण योजना आली म्हणजे पाळणा हलतोच असं नाही. ग्रामसभेत आपण रस्ता मागतो, सभामंडप मागतो, गटार मागतो. पाळणाघर मागताना मी कुणाला ऐकलेलं नाही. मागायला पाहिजे, आणि मागताना वेळ नेमकी सांगायला पाहिजे. बाई रानात निघते तेव्हा उघडावं, ती परतल्यावर बंद व्हावं. आणि गाळपाचा हंगाम कधी सुरू करायचा हे ठरतं, त्याच बैठकीत फडावरचं पाळणाघर कुठं बसवायचं हेही ठरावं. ऊस वेळेवर तोडायचा असेल, तर तोडणाऱ्या बाईच्या पोराचा विचारही वेळेवर झाला पाहिजे.