‘ताप’ नावाचा रकाना

एखाद्या मुलखाला आरोग्याची कोणती गरज आहे, हे आधी कुणीतरी लिहून ठेवावे लागते. औषध, डॉक्टर आणि पैसा त्यानंतर येतो. जे लिहिले गेले नाही त्याची तरतूद होत नाही. त्यामुळे ग्रामीण आरोग्याचा इतिहास दवाखान्यांच्या इमारतींइतकाच नोंदवह्यांचाही आहे. या लेखात तो गडचिरोलीच्या निमित्ताने पाहायचा आहे.

आजचा गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झाला. ब्रिटिश काळात हा सारा मुलूख मध्य प्रांताच्या चांदा जिल्ह्यात मोडे. गावातले जन्म-मृत्यू कळवण्याचे काम कोतवालाकडे असे. तो वही घेऊन पोलीस ठाण्यात जाई आणि तिथला लेखनिक त्याच्या तोंडून ऐकून नोंद करी. मृत्यूच्या कारणांचे रकाने ठरलेले होते: पटकी, देवी, प्लेग, हगवण, श्वसनाचे विकार, इजा आणि ताप. यांतला ‘ताप’ हा रकाना सर्वांत मोठा. हिंदुस्थानभरच्या नोंदींत निम्म्याहून अधिक मृत्यू त्यातच जमा होत. हिवताप, न्यूमोनिया, बाळंतरोग असे कितीतरी आजार त्या एका शब्दाखाली गेले. साथ आली की सरकारला ती समजावी, एवढ्यापुरती ती वही पुरेशी होती. रोज थोडेथोडे मरणाऱ्यांसाठी ती नव्हतीच.

१९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा गरजेचा पहिला मोठा हिशेब मांडला गेला. हजार जिवंत जन्मांमागे १६२ अर्भके वर्षाच्या आत दगावतात, सुमारे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० माणसांमागे एक परिचारिका आहे, असे समितीने दाखवून दिले. प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना इथूनच रुजली. समितीची दृष्टी उदार होती, पण तिचे माप खाटांचे आणि माणसांचे होते. काय कमी आहे ते तिने मोजले. गावातल्या बाईला नेमके काय होते आहे, हे कळायला त्या मापाचा उपयोग नव्हता.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला गेले, तेव्हा हा प्रश्न उलट्या बाजूने पुढे आला. दुष्काळाच्या त्या वर्षांत लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती, पाण्याची आणि अन्नाची होती. आरोळे दांपत्याने ती आरोग्याचीच मागणी मानली आणि पुढे गावातल्याच, बहुतांशी निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गरज ठरवताना लोकांना विचारले पाहिजे, हा धडा तिथे पक्का झाला.

पण विचारणे पुरेसे असते का? गडचिरोलीचा अनुभव इथे महत्त्वाचा ठरतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे ‘सर्च’चे काम सुरू केले. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक आजार होते. यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. मला त्याहून बोलका वाटतो तो आणखी एक आकडा: तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया होत्या ५५ टक्के. उरलेल्या जवळपास निम्म्या बायकांनी ‘काही त्रास नाही’ असेच सांगितले असते. अंगावर काढायची सवय लागली की दुखणे हे दुखणे वाटेनासे होते. केवळ मागणीवर विसंबणारी पाहणी या बायकांना निरोगी ठरवून मोकळी झाली असती.

याची दुसरी बाजूही त्याच जिल्ह्यात दिसली. सिकलसेल हा संशोधकांना महत्त्वाचा वाटलेला आजार आदिवासींना आपला प्रश्न वाटला नाही. पुढे आदिवासींच्या आरोग्यसंसदेत हिवताप अग्रक्रमाने आला. तपासणी आजार दाखवते. त्यातला कोणता आधी हाताळायचा, हे मात्र ज्याला तो सोसायचा आहे त्यानेच सांगावे लागते.

नवजात बाळाचे तर दोन्हीकडून नुकसान. ते स्वतः तक्रार सांगू शकत नाही, आणि बारशाआधीच गेलेल्या बाळाचे नाव कुठल्या वहीत लिहायचे? जन्मून रडलेले मूल ‘मेलेलेच जन्मले’ म्हणून नोंदवले की जन्मही गेला आणि मृत्यूही. ‘सर्च’ने गावातल्याच माणसांकडून नोंदी करून घेतल्या आणि दर सहा महिन्यांनी घरोघर फिरून त्या पडताळल्या. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतली ७६३ बाळे पाहिली गेली. त्यांतली सुमारे ९५ टक्के घरीच जन्मली होती. निम्म्याहून अधिक बाळांना उपचाराची गरज होती, पण तो मिळाला २.६ टक्के बाळांना. ‘गरज’ आणि ‘सेवा’ यांच्यातली दरी इतक्या उघडपणे क्वचितच मांडली गेली असेल.

मोजणारा हात गावातला असल्याने पुढची पायरी सोपी झाली. अंक न येणाऱ्या दायांसाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले श्वासमापक बनवले गेले होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. न्यूमोनिया ‘ताप’ या रकान्यातून बाहेर आला तो असा. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याच्या प्रयोगात तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात-मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली गेली.

आज आशाताईंच्या पिशवीत भरपूर वह्या असतात. भरलेले तक्ते तालुक्याला जातात, तिथून जिल्ह्याला. कोतवालाची वहीही अशीच वर जात असे. फरक पडला होता तो वही भरणारीच्या हातात वजनकाटा आणि औषधही होते म्हणून. तिने लिहिलेल्या ओळीवर त्याच दिवशी, त्याच घरात काहीतरी करता येत होते. गावाच्या गरजांची नवी पाहणी हाती घेताना प्रश्नावलीच्या आधी एवढेच तपासावे, की ही नोंद वर जाण्यापूर्वी त्या घराच्या काही कामी येणार आहे का.