फायटर माशाचं पाणी : एका बाप-लेकाची गोष्ट

आजचा भाग माझ्याच एका चुकीपासून सुरू होतो. करमाडच्या घरी मी एक बेटा मासा आणला होता, दुकानात ज्याला फायटर म्हणतात तोच. दोन लिटरची काचेची बरणी. दर दोन दिवसांनी सगळं पाणी ओतून द्यायचो, बरणी घासूनपुसून लख्ख करायचो. नवव्या दिवशी मासा गेला.

मी पाणी बदलून बदलून मासा मारला. लंडनमधला रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा केमिस्ट नेमकं उलटं करून बघत होता: पाणी न बदलता मासे जगतात का? १८५० साली त्याने हा प्रयोग तिथल्या केमिकल सोसायटीत मांडला. काचेच्या टाकीत दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची रोपं. पानं सडून पाणी गढूळ व्हायला लागलं, तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी सडकी पानं खाल्ली आणि टाकी टिकली. त्याला वाटलं, सगळी कमाल वनस्पतींच्या ऑक्सिजनची. अर्धंच बरोबर होतं.

कारण मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. बेटा तर आणखी फसवा. त्याला वर येऊन हवेतला श्वास घेता येतो, त्यामुळे तो छोट्या ग्लासातही गुदमरत नाही आणि आपल्याला वाटतं, मजेत आहे. कल्ले मात्र आतून जळत असतात. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याचा पीएच बहुतेक वेळा जास्त असतो, आणि पीएच जितका जास्त तितका अमोनिया जास्त विषारी.

मग हा अमोनिया जातो कुठे? १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या उभ्या नळीतून गटाराचं पाणी हळूहळू सोडलं. सुमारे २० दिवस काहीच झालं नाही, अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला. त्यानंतर त्याचं नायट्रेट व्हायला लागलं. नुसती केमिकल रिअॅक्शन असती, तर २० दिवस थांबली कशाला असती? त्यांनी क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, काम बंद पडलं. थोड्या मातीचं पाणी घातलं, पुन्हा सुरू. म्हणजे आत कुणीतरी जिवंत होतं!

इथे मी पॉज घेऊन स्वतःच्या बरणीकडे बघितलं. क्लोरोफॉर्मचं काम माझ्याकडे टीसीएल पावडर टाकलेलं नळाचं पाणी करत होतं. आणि उरलेसुरले बॅक्टेरिया मी घासणीने काढत होतो.

आता गंमत ऐका. हा फ्रेंच प्रयोग पुढे नेणारा इंग्लंडमधला माणूस कोण? रॉबर्ट वॉरिंग्टन! म्हणजे त्या लंडनवाल्याचा मुलगा, नाव तेच. रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात तो मातीवर काम करायचा. आपण कपाशीला टाकतो त्या युरियाचं मातीत पुढे जे होतं, तोच हा विषय. त्याने दाखवलं की काम दोन टप्प्यांत होतं: अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट, आणि दोन्हीचे जीव वेगळे. पण ते जीव त्याला वेगळे काढता आले नाहीत. ते १८९० च्या सुमारास विनोग्राडस्कीने झ्युरिकमध्ये केलं. बापाच्या टाकीतलं कोडं लेकाने शेताच्या मातीत बरंचसं सोडवलं. बाप मात्र १८६७ मध्येच वारला होता.

गोष्ट तिथेही संपली नाही बरं का. २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकटाच करणारा बॅक्टेरिया सापडला, आणि त्यातला एक शोध मत्स्यपालनाच्या फिल्टरमधून लागला.

माझा सध्याचा सेटअप: २० लिटरची टाकी, स्पंज फिल्टर, क्लोरीन काढलेलं पाणी आणि रोज चिमूटभर माशांचं खाद्य, आत मासा नसताना. ते सडून अमोनिया तयार होतो. घरच्यांना वाटतं मला वेड लागलंय. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. त्यानंतर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली नाही.

आज तेविसावा दिवस. अमोनिया उतरलाय, नायट्राइटची टेस्ट अजून जांभळी येतेय. मासा दुकानातच आहे.