पारसीबागान गल्लीतून व्हिएन्नाला

३१ जानेवारी १९२९ रोजी कोलकात्याच्या डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी सिग्मंड फ्रॉइड यांना आपले काही लेख धाडले. त्यांतल्या एका लेखाकडे सोबतच्या पत्रात त्यांनी मुद्दाम लक्ष वेधले. तो ईडिपस-इच्छेवरचा होता आणि त्यात आपण तुमच्यापासून वेगळे मत मांडले आहे, असे त्यांनी सरळ कळवले. ९ मार्चला फ्रॉइडचे उत्तर, ११ एप्रिलला बोस यांचे प्रत्युत्तर, १२ मेला पुन्हा फ्रॉइड. युरोपात घडलेले मानसशास्त्र आपल्या माणसांना कितपत लागू पडते, हा प्रश्न आज आपण नव्यानेच सुचल्यासारखा विचारतो. ही चार पत्रे वाचल्यावर तसे म्हणवत नाही.

त्या वेळी दोघांची ओळख आठ वर्षांची होती, तीही केवळ टपालाची. ते कधीच भेटले नाहीत. बोस वैद्यकाचे पदवीधर. दमनाच्या संकल्पनेवरच्या प्रबंधासाठी कलकत्ता विद्यापीठाने १९२१ मध्ये त्यांना डी.एस्सी. दिली. तोच ग्रंथ त्यांनी फ्रॉइडना पाठवला. २९ मे १९२१ च्या उत्तरात फ्रॉइडनी त्यातल्या मुख्य विचारांना दाद दिली आणि इतक्या दूरच्या देशात मनोविश्लेषणाला एवढा प्रतिसाद मिळावा याचे आश्चर्यही व्यक्त केले. पुढच्याच वर्षी १४, पारसीबागान लेन या बोस यांच्या राहत्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था सुरू झाली. संस्थापक सभासद पंधरा. बरेचसे तत्त्वज्ञान-मानसशास्त्राचे अध्यापक, आणि पाच जण लष्करी वैद्यकीय सेवेतले. या पाचांत दोघे इंग्रज होते.

ही बाब तपशील म्हणून सोडून देण्यासारखी नाही. रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयाचे प्रमुख ओवेन बर्कली-हिल हे संस्थेच्या पहिल्या सभासदांपैकी. त्यांनी १९२१ मध्येच हिंदूंचा धर्म, तत्त्वज्ञान आणि स्वभाव यांचे मूळ गुदकामुकतेत शोधणारा निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापला होता. क्लॉड डेली हे लष्करी अधिकारीही याच वर्तुळातले. त्यांनी १९३० मध्ये क्रांतिकारकांच्या चळवळीकडे मनोविकाराच्या चष्म्यातून पाहिले. म्हणजे ज्या शास्त्राच्या आधारे बोस रुग्णाला बरे करू पाहत होते, त्याच शास्त्राची भाषा वापरून सत्ताधारी समाजाचे लोक एका अख्ख्या समाजाला रोगी ठरवत होते. माझ्या मते १९२९ ची पत्रे याच पार्श्वभूमीवर वाचायला हवीत.

आता मूळ वाद. ईडिपस-इच्छा म्हणजे मुलाला आईची वाटणारी ओढ आणि बापाशी वाटणारी स्पर्धा. मुलाच्या मनातले खच्चीकरणाचे भय तिच्याविषयीच्या फ्रॉइडच्या मांडणीत कळीचे आहे. मुलगा आईवरचा हक्क सोडतो तो या भयाने. बोस यांचा सिद्धान्त वेगळा होता. प्रत्येक इच्छेच्या पोटी तिची विरुद्ध इच्छा दडलेली असते, असे ते मानत. मारण्याच्या इच्छेखाली मार खाण्याची, पुरुष असण्याच्या इच्छेखाली स्त्री होण्याची. ९ मार्चच्या पत्रात फ्रॉइडनी हा सिद्धान्त फारसा मान्य केला नाही. खच्चीकरणाच्या भयाचे बळ तुम्ही कमी लेखता, असा त्यांचा आक्षेप होता.

बोस यांचे ११ एप्रिलचे उत्तर मला या साऱ्या पत्रव्यवहारात सर्वांत मोलाचे वाटते. त्यात उपनिषदांचा दाखला नाही, पूर्व-पश्चिम असा घोषही नाही. युरोपीय रुग्णांमधले या भयाचे महत्त्व मी नाकारत नाही, असे ते आधीच मान्य करतात. मग सांगतात, की माझ्या भारतीय रुग्णांत त्याची लक्षणे युरोपीय रुग्णांइतकी ठळक दिसत नाहीत. उलट स्त्री होण्याची इच्छा भारतीय पुरुषांच्या मनातून अधिक सहजपणे वर येते. आई आणि बाप यांची मिळून एकच प्रतिमा रुग्णाच्या मनात वारंवार आढळते, आणि मातृदेवतेच्या उपासनेचा उगम बहुधा इथे असावा, असेही ते सुचवतात. दोन्ही समाजांचे रुग्ण एकाच डॉक्टरने तपासलेले. ही सोय व्हिएन्नाला नव्हती.

पुरावा म्हणून या पत्राच्या मर्यादाही आहेत. त्यात रुग्णांची संख्या नाही, त्यांची जात-वर्गाची माहिती नाही. कोलकात्यातल्या एका डॉक्टरच्या रुग्णांवरून ‘भारतीय मन’ असा निष्कर्ष काढणे ही बर्कली-हिल यांचीच चूक उलट्या दिशेने करणे होईल. पण १२ मेच्या पत्रात खुद्द फ्रॉइडनी भारतीय आणि युरोपीय रुग्णांमधला हा फरक आपल्याला जाणवल्याचे लिहिले आणि विरुद्ध इच्छेकडे लक्ष ठेवण्याचे आश्वासन दिले. १९३३ च्या नववर्षदिनी लिहिलेल्या पत्रात तर, या मुद्द्यांकडे आपल्या सिद्धान्ताचे दुर्लक्ष झाल्याचेही त्यांनी मान्य केले. बोस यांना कुणी फ्रॉइडचे नुसते शिष्य म्हटले, की कागदपत्रे त्याला साथ देत नाहीत.

‘न्यूनगंड’ हा शब्द आपण मराठीत इतका मुरवला आहे, की तो अ‍ॅडलर या मानसशास्त्रज्ञाकडून आला हे कुणाला आठवतही नाही. शब्द घेतल्याची खंत नाही. तो तपासून घेण्याची सवय बोस यांना होती, ती आपल्याला हवी. संस्थेने हा पत्रव्यवहार पुढे स्वतःच छापला. तो छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो. मानसशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: फळ्यावर ‘ईडिपस गंड’ लिहाल त्या दिवशी ११ एप्रिल १९२९ चे हे पत्रही वर्गात वाचून दाखवा.