फिनॉल, आतडं आणि माझा मामा

माझ्या मामाचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. त्याच्या डॉक्टरांच्या तोंडून ‘क्रेसिल सल्फेट’ हा शब्द ऐकला आणि मी थेट १८७६ सालात जाऊन पोचलो.

तेव्हा जखमा कार्बोलिक ॲसिडने, म्हणजेच फिनॉलने धुवायचे. लिस्टरने १८६७ मध्ये ती पद्धत मांडली होती. जंतू मरायचे खरे, पण तेच फिनॉल माणसालाही विषारी. मग अंगात गेलेल्या फिनॉलचं होतं काय? जर्मन रसायनशास्त्रज्ञ बाउमानला अशा एका रुग्णाच्या लघवीत ते सापडलं, पण सल्फेटला जोडलेलं! शरीराने विषाला शेपटी लावली होती. शेपटी लागली की ते पाण्यात सहज विरघळतं, मूत्रपिंडातून बाहेर पडतं.

गंमत म्हणजे कार्बोलिक न लावताही हे रोज चालूच असतं. आपण डाळ-अंडी खातो, त्यातल्या टायरोसीनपासून मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया फिनॉल आणि क्रेसॉल बनवतात.

ही शेपटी लावायचं श्रेय वर्षानुवर्षं यकृतालाच मिळत गेलं. १९७४ मध्ये ‘नेचर’मधल्या एका लेखाने त्यावरच प्रश्नचिन्ह लावलं: उंदरांमध्ये आतड्याची भिंतच फिनॉलला जोडकाम करून सोडत होती. आमच्या भाषेत, मेन सर्व्हरच्या आधी गेटवेवरच चेकिंग.

मामाचं आतडं हे काम अजून चोख करतंय. अडलंय ते पुढे. क्रेसिल सल्फेट रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून बसतं, मशीनच्या फिल्टरमधून फारसं निघत नाही. परवा त्याला हे समजावलं, तर म्हणाला, “म्हणजे पोट पास, मशीन नापास?”